एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय

"डॉक्टर, एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय." बार्शीत प्रॅक्टिस करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, हे वाक्य दिवसातून किती वेळा कानावर पडतं. ताप असो, कंबर धरलेली असो, जुलाब असोत, मागणी तीच. गोळ्या नकोत, गोळ्यांना वेळ लागतो. सलाईन लावली तर आणखी बरं. आम्ही डॉक्टर मंडळी याला अडाणीपणा म्हणतो आणि 'गरज नसताना इंजेक्शन घेऊ नका' असा फलक भिंतीवर लावतो. फलक माझ्याकडेही आहे. पण तुमच्यापैकी ज्यांनी कधी अशी सुई मागितली आहे त्यांना मी अडाणी समजत नाही. सुई मागणारा माणूस बहुतेक वेळा औषधाबद्दल बोलतच नसतो. त्याला हवी असते चार दिवसांची सुट्टी. ती मिळणार नाही हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तिच्या जागी तो सुई मागतो.

म्हणून आज आरोग्याच्या लेखात थोडं राजकारण येणार आहे. आजारपणाची पगारी रजा कोणाला मिळावी, किती मिळावी, तिचे पैसे कोणी द्यायचे, हा वाद तुम्ही वर्तमानपत्रात वाचत असाल. तो युनियनवाल्यांचा आणि मालकांचा वाद आहे असं समजून पान उलटू नका. माझ्या टेबलावरून पाहिलं तर तो उपचारांचा वाद आहे.

आधी त्या सुईबद्दल. लगेच 'फ्रेश' वाटायला लावणाऱ्या सुईत बहुधा दोनपैकी एक औषध असतं. एक म्हणजे डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक, दुसरं म्हणजे डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड. दोन्ही औषधं योग्य जागी उत्तम आहेत. पण तापाचं कारण ती घालवत नाहीत, ताप आणि दुखणं झाकून ठेवतात. पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू येतो, तेव्हा हे झाकणं महागात पडतं. डेंग्यूत खरा धोका ताप उतरायला लागतो तेव्हा सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपायला लागतं, रक्तदाब घसरतो, प्लेटलेट कमी झालेल्या असतात. याच दिवसांत माणसाला 'आता बरं वाटतंय' असं वाटतं आणि तो मोंढ्यात पोती उचलायला जातो. अंगात डायक्लोफिनॅक असेल तर रक्तस्रावाची शक्यता आणखी वाढते. पोट खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, एकदम गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हे वाक्य मी पन्नासदा सांगितलं असेल. 'त्याच दिवशी' म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो हिशोब सुरू होतो, तोही पन्नासदा पाहिला आहे.

टायफॉइडचं गणित वेगळं. इथं एकट्या रुग्णाचा प्रश्न नसतो. टायफॉइडचे जंतू रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतात, आणि तो माणूस खानावळीत पोळ्या लाटत असेल किंवा चहाच्या गाड्यावर कप विसळत असेल तर त्याने घरी राहणं हा तुमच्या पोटाच्या भल्याचा विषय होतो. फ्लूचंही तसंच. लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून ते पुढचे पाचसात दिवस माणूस तो पसरवू शकतो. अमेरिकेत आजारपणाच्या पगारी रजेचा देशभर लागू असा कायदा नाही, पण काही शहरांनी आणि राज्यांनी आपापले कायदे केले. सान फ्रान्सिस्कोचा कायदा २००७ मध्ये लागू झाला, कनेक्टिकट राज्याचा २०११ मध्ये झाला. जिथं असे कायदे आले तिथं फ्लूसारख्या तापाचं प्रमाण घटल्याचं अभ्यासकांना दिसलं. त्यात नवल काही नाही. खोकणारा माणूस घरी थांबला, बस्स.

क्षयरोग तर सहा महिन्यांचा सोबती. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत रुग्णापासून इतरांना असलेला धोका खूप कमी होतो, दोन महिन्यांत वजन वाढतं, भूक लागते, आणि इथंच गोळ्या सुटतात. सरकार पोषणासाठी दरमहा पैसे देतं, २०१८ पासून ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये. गोळ्या फुकट आहेत, तपासणी फुकट आहे. पण पहिले काही आठवडे, जेव्हा अंगात उभं राहण्याचं त्राण नसतं, त्या दिवसांची मजुरी कोण देणार हे त्यात कुठंच नाही.

आणि कर्करोग. बार्शीकरांना हे सांगायला नको, कारण नर्गिस दत्त हॉस्पिटलमुळे आसपासच्या जिल्ह्यांतले रुग्ण इथंच येतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडिएशन देतात तेव्हा ते आठवड्यातून पाच दिवस, असं साधारण पाच आठवडे चालतं. मग आतून द्यायचे काही डोस असतात. हे सगळं मिळून आठ आठवड्यांत संपायला हवं असं पुस्तक सांगतं. लांबलं, मधे खंड पडले, तर राहिलेल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते आणि रोग आटोक्यात येण्याची शक्यता दिवसागणिक घसरते. रेडिएशनचा एक डोस मिनिटांत आटोपतो. पण त्यासाठी परांड्याहून किंवा भूमहून येणाऱ्या बाईचा अख्खा दिवस जातो, आणि सोबत येणाऱ्या नवऱ्याचा किंवा पोराचाही. म्हणजे एका घरात दोन माणसांचे दोन महिने. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांना आम्ही 'बेफिकीर' म्हणतो. मला तो शब्द खटकतो.

इथल्याच एका कामाची आठवण या ओघात करून द्यावीशी वाटते. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. नोंदणीची माणसं गावोगाव फिरायची, लोकांशी बोलायची, कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये ते सांगायची. काही वर्षांत असं दिसलं की गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं आहे. हे श्रेय माहितीचं आहेच. पण मला वाटतं, माहिती घरापर्यंत चालत आली, ती घ्यायला कोणाचा रोज बुडाला नाही, याचाही त्यात वाटा असणार.

आता कायदा काय देतो ते पाहू. हा भाग कोरडा आहे, पण तुमच्या कामाचा आहे.

आपल्याकडे आजारपणातल्या पगाराची मोठी व्यवस्था एकच, कर्मचारी राज्य विमा, म्हणजे तुम्ही ज्याला ईएसआय म्हणता ती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायचं काम दिलं गेलं. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यावर १९४८ चा कायदा उभा राहिला. कल्पना साधी होती. एकट्या मालकावर भार टाकायचा नाही, सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि आजारी पडेल त्याला त्यातून द्यायचं. आज दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ती लागू होते. पगार १५,००० असेल तर तुमचे ११२ रुपये ५० पैसे कापले जातात आणि मालक ४८७ रुपये ५० पैसे घालतो. आजारी पडलात तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळतात, म्हणजे या पगारावर रोजचे ३५० रुपये.

एक खोच आहे. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. लबाडी टाळण्यासाठी हा नियम. पण संसर्गाचे दिवस नेमके तेच असतात, आणि जुलाब, व्हायरल ताप ही दुखणी दोनतीन दिवसांत आटपणारी. ब्रिटनमध्येही असा तीन दिवसांचा नियम होता, तो त्यांनी २०२५ च्या कायद्यानं काढून टाकला. आपणही काढायला हवा, असं मी डॉक्टर म्हणून म्हणेन.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्यात वीस दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा होती, पण आजारपणाची म्हणून वेगळी रजा नव्हती. दुकानांचं काय? महाराष्ट्राचा दुकानांचा नवा कायदा २०१७ चा. त्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, त्यातच आजारपण भागवायचं, आणि मूळ कायद्यात तेही दहा किंवा जास्त कामगार असतील तरच. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा दहावरून वीसवर न्यायचं ठरवलं. छोट्या व्यावसायिकांचा कागदपत्रांचा जाच कमी होईल हा त्यामागचा युक्तिवाद, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पण बार्शीच्या बाजारपेठेत एक चक्कर मारा आणि मोजा, वीस नोकर असलेली दुकानं किती सापडतात. सोलापूर ओलांडून विजापूरला गेलात की कर्नाटकाचा १९६१ चा कायदा लागतो, त्यात आजारपण किंवा अपघातासाठी वर्षाला बारा दिवस पगारी रजा लिहिलेली आहे. सीमेच्या दोन बाजूंना ताप तोच असतो.

आणि या सगळ्याच्या तळाशी, जिथं कुठलाच कायदा पोचत नाही, तिथं रजेच्या उलट एक गोष्ट आहे. तिचं नाव खाडा.

शब्द तुम्हाला माहीतच असेल. आपल्याकडून, बीडकडून, धाराशिवकडून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. नवरा बायको मिळून एक कोयता. त्यातल्या कोणी एक दिवस काम केलं नाही की खाडा पडतो, आणि दंड म्हणून पाचशे रुपये, कधी त्याहून जास्त, हिशोबातून कापले जातात. म्हणजे आजारी पडलं तर मजुरी जाते ती जातेच, वर पैसे भरावे लागतात. ताप येणं हा इथं गुन्हा आहे आणि त्याला दंड आहे. पाळीत, पांढरं जाण्यात, पोटदुखीत फडावर ना पाणी, ना संडास, ना विश्रांती. मग 'पिशवीच काढून टाका' हा सल्ला स्वस्त वाटायला लागतो. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. साधारण सहांत एक. काही शस्त्रक्रिया गरजेच्या असतीलही. काही ठिकाणी आमच्या व्यवसायातल्या लोकांनी भीती घालून धंदा केला, हेही खरं. पण त्या भीतीला खाडा खतपाणी घालत होता. कमी वयात पिशवीबरोबर बीजांडंही काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, हे त्या बायकांना कोणी सांगितलेलं नसतं. आणि ऑपरेशननंतर सहा आठवडे जड उचलायचं नाही हे सांगून तरी काय, ऊसाची मोळी डोक्यावर कोण घेणार?

त्याच वर्षी डिसेंबरात तेव्हाचे मंत्री नितीन राऊत यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहून एक मागणी केली होती. पाळीच्या चार दिवसांची मजुरी या बायकांना राज्यानं द्यावी, म्हणजे त्यांच्यावर पिशवी काढायची वेळ येणार नाही. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. राज्यानं का द्यावी, कारखान्यानं का नको? कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो पैसा कारखान्याचा. मालकच कोण ते ठरत नाही तिथं रजा मागायची कोणाकडे, हा प्रश्न त्या पत्रानं निदान उघडा केला. कर्नाटकानं २०२५ मध्ये महिन्याला एक दिवस पगारी पाळीची रजा मंजूर केली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण जिचं नाव हजेरीपटावर आहे तिच्यासाठी. कोयत्याला हजेरीपट नसतो, खाड्याची वही असते.

आता दुसरी बाजू. ती मला ऐकावी लागते, कारण मीही छोटा मालक आहे. माझ्या दवाखान्यात तीन माणसं कामाला आहेत. कायद्यानं मी कोणालाही एक दिवसही रजा द्यायला बांधील नाही. महिना ९,००० रुपये पगार असलेल्या माणसाला वर्षाला बारा दिवस आजारपणाची रजा दिली तर खर्च ३,६०० रुपये, म्हणजे महिन्याला ३००. ते मी देतो आणि त्यानं मी गरीब झालो नाही. पण शेजारच्या किराणा दुकानदाराचं म्हणणं पैशांचं नसतंच. "पोरगा आला नाही तर काट्यावर कोण उभं राहणार?" तो विचारतो. एकच नोकर असेल तर त्याच्या रजेचा पगार द्यायचा आणि बदली माणसालाही द्यायचा, असा दुहेरी खर्च येतो. आणि लबाडी? होते. खोटा दाखला मागायला माझ्याकडेही येतात, लग्नसराईत जास्त येतात, आणि मी देत नाही. पण खरं सांगू, खोट्या आजारासाठी दाखला मागणारे महिन्यातून एखाददुसरे. खरा आजार लपवून कामावर जाऊ पाहणारे रोज दहा.

म्हणून माझं मत असं, की किराणा दुकानदाराच्या माथी बारा दिवस मारून प्रश्न सुटणार नाही. तो नोकरच ठेवणार नाही, किंवा ठेवून नाकारेल. निधी सामायिक हवा. आणि हे आपल्या राज्याला नवं नाही. १९६९ चा माथाडी कायदा आठवा. हमालाला एक मालक नसतो, तो आज या आडतीवर, उद्या त्या. मग काम करून घेणाऱ्या प्रत्येकाकडून मजुरीवर लेव्ही घ्यायची, ती मंडळात जमा करायची आणि रजेचा पगार, बोनस, दवाखाना त्यातून द्यायचा, ही युक्ती महाराष्ट्रानं काढली. पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव स्वतः डॉक्टर होते, नाना पेठेत दवाखाना चालवायचे. पाठदुखी घेऊन येणाऱ्या हमालाला मलम देऊन भागत नाही हे कळायला दवाखान्यासारखी दुसरी जागा नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालं आहे, त्याच्यासाठी गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचे असं ठरलं. त्या पैशातून आजारपणाच्या दिवसांची मजुरी द्यावी आणि खाडा कायद्यानं बंद करावा, एवढी मागणी घेऊन कोणी मत मागायला आलं तर मी चहा पाजून ऐकेन. तुमच्या दारी कोणी मत मागायला आलं तर तुम्हीही विचारून बघा.

तोवर हातात आहे ते वापरा. पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसत असेल तर तुमचा विमा क्रमांक आजच लिहून ठेवा, आजारी पडल्यावर शोधू नका. सोलापुरात कामगार विमा रुग्णालय आहे. आजारपणाचा दाखला विमा योजनेच्या डॉक्टरचाच लागतो, माझ्यासारख्या खाजगी डॉक्टरची चिठ्ठी सहसा चालत नाही, त्यामुळे इथं चार दिवस उपचार घेऊन मग तिकडे गेलात तर ते चार दिवस हातचे जातात. पहिल्याच दिवशी जा. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, तेव्हा मालक कापलेले पैसे खरंच भरतो का ते अधूनमधून पाहा. आणि क्षयरोग, कर्करोग यांसारख्या लांबणाऱ्या आजारांसाठी वेगळा, वाढीव लाभ आहे. सलग दोन वर्षं विम्याखाली नोकरी झाली असेल आणि वर्गणीची अट पुरी होत असेल तर मजुरीच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. हे माहीत नसल्यामुळे तिसऱ्या महिन्यात नोकरी सोडून गावी गेलेली माणसं मी पाहिली आहेत. राजीनामा देऊ नका. आधी विमा कार्यालयात जा.

ज्यांची कपातच होत नाही, त्यांच्यासाठी माझ्याकडे एवढंच आहे. मी चिठ्ठीवर औषधांच्या वर, पहिल्या ओळीत, मराठीत लिहितो: 'विश्रांती, पाच दिवस. वजन उचलू नये.' काही मालक ते वाचतात, काही दोन दिवसांवर तडजोड करतात. लिहून हवं असेल तर डॉक्टरकडे मागा, संकोच करू नका. सुई मागता तशीच मागा.